ताकदीची गोळी

दाजी, त्या फॉर्मवर 'इतर आजार' या रकान्यात 'नाही' हा शब्द मी लिहिला.

तुम्ही तेव्हा बाहेर गाडीत होतात, मागच्या सीटवर डोकं टेकून. श्वास घेताना तुमचे खांदे वर उचलले जात होते. तुम्हाला कोणी काही विचारलं नाही. मला विचारलं. दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीने शुगर, बीपी, दमा, किडनी, लिव्हर असं एका दमात म्हणून दाखवलं आणि फॉर्म पुढे सरकवला. सगळ्याला मिळून मी एकच शब्द लिहिला. रकाना रिकामा सोडायचा नाही, ही शाळेतल्या पंचवीस वर्षांच्या कारकुनीची सवय. अक्षरही चांगलं आलं होतं.

लोक चूक झाली म्हणतात तेव्हा ती बहुधा नजरचुकीने झालेली असते. माझी तशी नव्हती. तुमच्या लिव्हरमध्ये चौदा वर्षांपासून काय आहे, ते घरात तुमच्यानंतर फक्त मला माहीत होतं. तुमची फाईल माझ्याच शाळेतल्या कपाटात होती, जुन्या हजेरीपटांच्या मागे. हिपॅटायटिस बी हे शब्द मी तोपर्यंत अनेकदा वाचले होते, आणि ते लिहायला त्या रकान्यात पुरेशी जागा होती.

मागे अण्णा उभे होते, म्हणून लिहिलं नाही. चांदवडचे अण्णा, अश्विनीचे होणारे सासरे. नाशकात कुठे बेड नव्हता आणि त्यांनी कांद्याच्या व्यापारातल्या ओळखीतून एका खासगी दवाखान्यात तो मिळवून दिला होता. गाडीही त्यांचीच. ते माझ्या खांद्यावरून फॉर्म वाचत होते, सहजच, माणूस वाचतो तसे. साखरपुडा होऊन दोन महिने झाले होते. मला वाटलं, आत्ता हा शब्द लिहिला तर तुमच्या पोरीचं लग्न मी इथेच मोडतो. आणि आणखी एक वाटलं, तेही सांगून टाकतो. आजार लिहिला तर बेड देणार नाहीत असं वाटलं. ही दोन्ही कारणं मी तुम्ही गेल्यापासून स्वतःला सांगतोय. पहिलं सांगताना दुसरं खरं वाटतं, दुसरं सांगताना पहिलं.

बसवत नाही दाजी. शाळेत खुर्चीवर बसतो आणि उठतो. शिपाई विचारतो, साहेब काही हवंय का. काही नको असतं. कपाट उघडतो, हजेरीपट बाजूला करतो. फाईल तिथे नाही हे माहीत असतं, तरी बघतो.

तुम्ही रक्त द्यायला आलात तेच माझ्यामुळे. शाळेत शिबिर होतं, सकाळपासून कोणी फिरकलं नव्हतं आणि मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही पंचवटीतल्या फूलबाजारातून थेट आलात, शर्टाला झेंडूचा वास, खिशात दोऱ्याचा गुंडा. "मेव्हण्याची इज्जत राखायला बाटलीभर रगत गेलं तर चालतंय," असं नर्सला म्हणालात. ती हसली होती. महिन्याभराने रक्तपेढीचं पत्र आलं, भेटायला या म्हणून. शिबिराच्या यादीत पत्ता शाळेचा होता, म्हणून पत्र माझ्या हातात पडलं. तुमच्या घरी आलं असतं तर ताईने अश्विनीकडून वाचून घेतलं असतं आणि सगळंच वेगळं झालं असतं.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा तुम्ही एकच विचारलंत, "म्हंजे मी आजारी हाय का नाय?"

ते म्हणाले, आत्ता नाही. पण विषाणू लिव्हरमध्ये बसलाय, तो जाणार नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचं. कुठून आला हे सांगता येत नाही, कदाचित लहानपणीच आला असेल. जेवणातून पसरत नाही, शिवल्याने पसरत नाही. रक्तातून पसरतो, नवरा-बायकोत पसरतो. घरच्यांची तपासणी करा, त्यांना लस द्या. दारू नको, ती तुम्ही घेतच नव्हता.

बाहेर चहाच्या टपरीवर तुम्ही म्हणालात, "घरी सांगावं लागंल."

आणि मी म्हणालो, "दाजी, तुम्ही देवाचे हार करता. सुई रोज बोटात जाते. एकाला कळलं की सगळ्या पंचवटीला कळेल. लोक काय रक्ताचा अभ्यास करणार आहेत का? तुमच्या हातचा हार घेणार नाहीत."

तुम्ही कप खाली ठेवलात. चहा अर्धा होता. ती भीती तुमच्या मनात आधी होती की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र ती घातली.

पुढचं सगळं मी फार हुशारीने केलं. ताईला आणि अश्विनीला सांगितलं, शाळेतर्फे काविळीची लस स्वस्तात आहे. तीन वेळा दोघींना घेऊन गेलो, आधी रक्तही तपासून घेतलं. दोघी ठीक निघाल्या. काही वर्षांनी तुमच्या रिपोर्टमधले आकडे वाढायला लागले, लिव्हर थोडं कडक होतंय असं डॉक्टर म्हणाले, आणि रोजची गोळी सुरू झाली. त्या गोळ्या मी कॅल्शियमच्या डबीत ओतल्या आणि ताईला सांगितलं, ही दाजींची ताकदीची गोळी. रात्री जेवल्यावर एक. नाव मीच ठेवलं. ती बिचारी रोज आठवणीने द्यायची. "ताकदीची घेतली का?" हे तिने तुम्हाला किती वेळा विचारलं असेल. दर सहा महिन्यांनी मी कोर्टाचं काम काढून तुम्हाला तपासणीला नेत होतो. शेजारपाजारच्यांना वाटायचं, तुमचा कुणाशी तरी बांधाचा वाद चालू आहे. तुम्ही म्हणायचात, "निकाल काय लागत नाय, तारखा पडत्यात." आणि आपण दोघं हसायचो. मला त्या हसण्याचं आता काय करावं कळत नाही.

आणि तुमची ती सुई. हार करायची लांब सुई, तिच्या नेढ्यापाशी तुम्ही लाल दोऱ्याचा वेढा बांधला होता. ती दुसऱ्या कोणी घ्यायची नाही. बोटाला टोचलं की तुम्ही ते फूल बाजूला टाकायचात, हात धुवायचात, बोटाला चिंधी बांधायचात आणि मग पुन्हा बसायचात. ताई बायकांना सांगायची, "ह्यांचं सोवळं वाढलंय. माझ्या हातात सुई दिली तर देव बाटतो ह्यांचा." तुम्ही खाली बघून फुलं ओवत राहायचात. मी तिथे असलो तर तुमच्याकडे बघायचो नाही.

वाद आपला एकच होता. तुमच्या मळ्यात, विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीशेजारी बसून तो आपण दरवर्षी एकदा तरी घालायचो.

"प्रकाश, सुमनला सांगतो मी."

"सांगून काय होणार दाजी? ती घाबरेल. सगळं व्यवस्थित चाललंय ना?"

"व्यवस्थित चाललंय म्हनूनच सांगायचं. बिघडल्यावर सांगितलं तर ती म्हनंल, इतकी वर्षं फसवलं."

"अश्विनीचं लग्न होऊ दे. मग सांगू."

"पोरगी आठवीत होती तवापासून तू हेच म्हनतोस."

तुम्ही चिडत नव्हता. चिडला असता तर कदाचित मी ऐकलं असतं. तुम्ही उठून पंपाची चक्री बंद करायचात आणि म्हणायचात, "बरं. शिकलेला मानूस हायेस तू." त्यात टोमणा होता की विश्वास, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा देवळं बंद होती, लग्नं बंद होती. गलांड्याची फुलं तोडून तुम्ही बांधावर ओतत होता, कारण झाडावर ठेवली तर पुढचं फूल येत नाही. ताप आधी ताईला आला, ती घरीच बरी झाली. तुमचा उतरेना. बोटाला लावायचं ते यंत्र मी शाळेतून आणलं, त्यावर ऑक्सिजन घसरताना दिसला, आणि अण्णांची गाडी आली.

निघताना ताई दारात उभी होती, तोंडाला पदर. हातात तुमची पिशवी, त्यात टॉवेल, पाण्याची बाटली, चष्मा. तिने विचारलं, "ताकदीची गोळी टाकू का रे?"

मी म्हणालो, "राहू दे. दवाखान्यात ताकदीचं देतातच."

दाजी, हे वाक्य मी म्हणालो. अण्णा गाडी सुरू करून बसले होते. पिशवीत ती डबी दिसली की नर्स विचारेल, ही कशाची, आणि ती कॅल्शियमची नाही हे तिला बघताक्षणी कळेल, हे एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. ताईने डबी परत फळीवर ठेवली. तिला मी सांगितलेलं खरं वाटलं. गेली कितीतरी वर्षं मीच तिला सांगत होतो ना, की ती नुसती ताकदीची आहे.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातून तुमचा फोन आला. मास्क बाजूला करून बोलत होता, वाक्य तुटत होतं.

"प्रकाश. ती गोळी नाय पिशवीत."

"दाजी, तुम्ही बोलू नका. आधी ऑक्सिजन वाढू दे."

"डॉक्टरला सांगू का मी? इथं रोज इंजेक्शन देत्यात."

"चार-आठ दिवस नाही घेतली तर काय होत नाही. मी बोलतो त्यांच्याशी."

"बोल बरं का."

मी बोललो नाही. दवाखान्याच्या फाटकापाशी रोज जात होतो. एकदा डॉक्टर बाहेर आले, दहा-बारा जणांनी त्यांना घेरलं, मी मागे उभा होतो. माझा नंबर आला तेव्हा मी विचारलं, "साहेब, पेशंट कसा आहे?" ते म्हणाले, स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद देतोय. मला इतका आनंद झाला की मी हात जोडले आणि परत आलो. बोलायला एक मिनिट होतं. मी ते हात जोडण्यात घालवलं.

तुम्ही बरे झालात. हे मला लोकांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. कोरोनातून तुम्ही बरे होऊन घरी आलात. मळ्याच्या वाटेवर गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी चालत आलात, मध्ये दोनदा थांबलात. ताईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. दवाखान्याने औषधांची यादी दिली होती, अर्धं पान भरून. तुम्ही ती मला दाखवून म्हणालात, "ह्याच्यात आपली नाय." मी म्हणालो, आधी ही यादी संपू दे, इतक्या गोळ्या एकदम नकोत. ताईलाही तेच सांगितलं. डबीत तेव्हा थोड्याच उरल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. यादी संपली तेव्हा मी मेडिकलवर गेलो, तो म्हणाला, लॉकडाऊनमुळे माल आलेला नाही, पुढच्या आठवड्यात बघा. ते खरं होतं. पण पुढच्या आठवड्यात मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही चालत होता, जेवत होता, फुलझाडांत फिरत होता. तुम्हाला बरं बघण्याची मला इतकी सवय लागली की गोळी मागे पडली. आणि तुमच्या लग्नघराची यादी माझ्या हातात होती. पंचवीस माणसांत लग्न, त्याची परवानगी, त्याचे फॉर्म. ते सगळे मी वेळेत भरले.

लग्नात तुम्ही अश्विनीचा हात देताना खुर्चीत बसला होतात. सगळ्यांना वाटलं, कोरोनाचा अशक्तपणा. वरमाला तुम्हीच केल्या होत्या, मोगऱ्याच्या, मध्ये एकेक गुलाब. संध्याकाळी पोरगी गेल्यावर मांडवात आपण दोघंच होतो. तुम्ही म्हणालात, "झालं लग्न. आता?"

मी म्हणालो, "आखाड निघू दे. पोरगी माहेरी येईल, परत जाईल. मग निवांत सांगू."

तुम्ही हसलात. "तुझ्या पंचांगात मुहूर्तच नाय."

आखाडातच तुमचे डोळे पिवळे झाले.

ताईने फोन केला, "ह्यांना कावीळ झालीय." तिच्या आवाजात फार काळजी नव्हती. कावीळ म्हणजे ताक, ऊस आणि माळ, हे तिला लहानपणापासून माहीत. सटाण्याच्या पुढे एका गावात काविळीची माळ घालणारा माणूस आहे, शेजाऱ्यांची जीप जाणार आहे, उद्या नेते, म्हणाली. मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं, ते शाळेतल्या पाचवीच्या पोरालाही सांगता येईल. मी म्हणालो, "जाऊन ये. पण दवाखान्यातही दाखवू." तिने पहिलं वाक्य ऐकलं. मी दुसरं हळू बोललो होतो.

मी मळ्यात आलो तेव्हा तुमच्या गळ्यात ती माळ होती. कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे, प्रत्येकाला दोऱ्याची गाठ. तुम्ही ओसरीत पडून होता. मला बघून उठून बसलात आणि त्या माणसाची नक्कल केलीत, डोळे मिटून, हात माझ्या डोक्यावर ठेवून, त्याच्याच अहिराणीत. "कावीळ शे, उतरी जाई." मग माळ बोटांत धरून मला दाखवलीत.

"मेव्हणे, कारागिरी बघा. ओल्या काडीला सरकगाठ मारलीय. काडी वाळली की गाठ सरकती, माळ वाढती. लोक म्हनत्यात, माळ वाढली की कावीळ उतरली. खुंटीला टांगली तरी वाढंल ही."

"मग काढून टाका दाजी. दवाखान्यात जाऊ."

"सुमनला बोलू नको. तिला बरं वाटतंय." आणि माळ हातातून सोडून, "गोळी आणली का?"

मी म्हणालो, उद्या आणतो. दुसऱ्या दिवशी खरंच आणली. तुम्ही ती घेतलीत. पण त्याआधी जवळजवळ तीन महिने ती बंद होती, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते बोटांवर मोजलं नाही. दवाखान्याचं मी रोज काढत होतो, ताई म्हणायची माळ वाढतेय ना, आणि मी गप्प बसायचो. कारण दवाखान्यात न्यायचं तर का न्यायचं, हे तिला सांगावं लागलं असतं. आठ दिवसांत माळ तुमच्या बेंबीपर्यंत आली. आठव्या दिवशी तुम्ही ताईला तुमच्या आईच्या नावाने हाक मारलीत, आणि पोट फुगलेलं दिसलं. तेव्हा तिनेच फोन केला, "प्रकाश, हे वेडंवाकडं बोलत्यात. ये लवकर."

लिव्हरच्या डॉक्टर बाई होत्या, तरुण. मी जाताना शाळेत थांबून कपाटातून फाईल काढून घेतली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. ताईला आत सोडलं नव्हतं, एकाच माणसाला परवानगी होती.

"कोरोनाला ॲडमिट केलं तेव्हा हे सांगितलं होतं?"

"नाही."

"गोळी कधीपासून बंद?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग मला साध्या शब्दांत समजावलं, मी कोणी लहान असल्यासारखं. तो विषाणू आत झोपलेला असतो, गोळी त्याच्यावर पहारा करते. कोरोनात स्टेरॉइड द्यावं लागतं, त्याने शरीराची प्रतिकारशक्ती दबते. पहारा काढलेला आणि वरून ते औषध, म्हणजे आतला उठणारच. माहीत असतं तर स्टेरॉइडही दिलं असतं आणि गोळीही चालू ठेवली असती.

मी विचारलं, "मग ते ठीक राहिले असते?"

"ते मी सांगू शकत नाही. त्यांचं लिव्हर कडक व्हायला लागलेलं होतं. अशा माणसाला कोरोना जड जाऊ शकतो. पण या आजाराची माणसं कोरोनातून बरी होऊन नीट राहिलेली मी बघितली आहेत. त्यांची गोळी चालू होती, एवढंच मला माहीत आहे."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मी मोबाईलवर खूप वाचलं, कळलं तेवढं. कुठे लिहिलंय, या आजाराच्या रुग्णांना कोरोना इतरांसारखाच जातो. कुठे लिहिलंय, जास्त त्रास होतो, लिव्हर आधीच बिघडलं असेल तर फारच. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे, ती म्हणजे गोळी थांबवू नका. मला निकाल हवा आहे दाजी. तुम्ही म्हणायचात तसा तो लागत नाही. तुम्हाला कोरोनाने नेलं, लिव्हरने नेलं, की त्या एका शब्दाने, हे कोणी मला सांगत नाही, आणि सांगणार नाही.

पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. शेवटची शुद्ध होती तेव्हा मी जवळ होतो. तुम्ही माझा हात चाचपलात, बोटं, टोकं, जशी तुम्ही फुलाचा देठ बघायचात. मला तेव्हा म्हणायचं होतं. मी तुमच्या उशीची खोळ सारखी केली.

बाहेर ताईने विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या. मी म्हणालो, लिव्हर खराब झालं होतं.

"माळेनं झालं का रे?"

"तसं नाही गं," म्हणालो. एवढंच. पुढे काही नाही. त्यातून तिला जे ऐकू यायचं ते आलं.

दहाव्याला ती प्रत्येक बाईला तेच सांगत होती. "आठ दिवस मी घालवले. मीच नेलं त्यांना सटाण्याकडं. दवाखान्यात नेलं असतं तर..." बायका म्हणत होत्या, अगं, देवाची इच्छा. मी चार हात अंतरावर होतो, पत्रावळी मांडत होतो. अश्विनी चांदवडहून आली होती. तिने आईला जवळ घेतलं, पण तिच्याही डोळ्यांत ते दिसलं मला, की आईने उशीर केला. दाजी, तुम्ही चौदा वर्षं तुमचा आजार वाहिलात. त्याच्यानंतरचं ओझं माझं होतं, आणि ते मी माझ्या बहिणीच्या डोक्यावर जाताना बघत होतो. तिने हार करायचं सोडलं. म्हणायची, माझ्या हाताला यश नाय. जेवण निम्म्यावर आलं. ती माळ तिने देव्हाऱ्याखाली ठेवली होती, ती काढून बघायची.

परवा गणपतीच्या आदल्या दिवशी मी मळ्यात गेलो. देवळं अजून बंद आहेत, पण घरोघरच्या गणपतींना हार लागतात, आणि तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांनी ताईला फार आग्रह केला होता. शेडमध्ये झेंडूचा ढीग पडला होता. ती समोर बसली होती, दोरा मापून घेत होती. सुई तिला सापडेना. मग तिने तुमची गोणपाटाची पिशवी उलटी केली आणि त्यातून लाल दोऱ्याची सुई काढली.

"ती नको ताई," मी म्हणालो.

"का? आता कोन पाळणार त्यांचं सोवळं?"

"सोवळं नव्हतं ते."

ती थांबली. मी समोर पोत्यावर बसलो आणि सांगितलं. शिबिरापासून सांगितलं. पत्र, टपरी, लस, डबी, फाईल. फॉर्म. पिशवी. फोन. मेडिकल. सांगताना मी झेंडूचे देठ तोडत होतो, नको तितके. सगळं झाल्यावर तिने सुई दोन बोटांत धरली आणि लाल दोरा बघितला.

"म्हनून मला शिवू देत नव्हते?"

"हो. तुला टोचू नये म्हणून."

"मी चारचौघींत हसायची त्यांना." आणि दोऱ्यावरून बोट फिरवत, "त्यांना सांगायचं होतं मला?"

"दरवर्षी म्हणायचे."

"आन् तू?"

"मी नको म्हणायचो."

"ताकदीची गोळी मी विचारली होती तुला. दारात."

"हो."

"मी विचारली होती," ती पुन्हा म्हणाली, माझ्याकडे न बघता, स्वतःला सांगावं तसं. मग तिने पदराने तोंड पुसलं. रडली नाही. सुई चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवली, दुसरी शोधून काढली आणि दोरा ओवला. पहिलं फूल घेतलं. त्यानंतर म्हणाली, "अश्विनीला तू सांगायचं. चांदवडला जाऊन. अण्णांच्या समोर. फोनवर नाय."

"जातो."

"आन् बस आता इथं. फुलं दे मला. पन बोलू नको."

मी फुलं देत राहिलो. तुम्ही द्यायचात तशी, देठ तिच्याकडे करून. पाच हार झाले. तिचा हात सुरुवातीला अडखळत होता, नंतर लागला. उन्हं शेडच्या पत्र्यावरून उतरली तेव्हा मी उठलो. बोलू नको म्हणाली होती, पण दवाखान्याच्या फाटकापाशी मी असाच न बोलता परत आलो होतो, आणि तुमच्या उशाशीही. दारातून मी वळलो. तुम्हाला म्हणायचं ते तिला म्हणालो, कारण आता तीच आहे.

"ताई, दाजी सांगायचं म्हणत होते आणि मी त्यांना सांगू दिलं नाही. त्यांची गोळी माझ्यामुळे चुकली. माळेचा दोष तू स्वतःवर घेतलास, तोही मी घेऊ दिला. माझं चुकलं. मला माफ कर."